कोडोलीकर

कोडोली, ता. पन्हाळा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच माझा अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, दहा महिन्यांनी प्रिय झाले का मी. 'जयभीम' लिहिणार होतो, पण तुझ्यासमोर तो शब्द मी एकदा गिळलाय, तेव्हा आता कुठल्या तोंडानं लिहू. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

माझा नंबर तू बंद केलायस. त्याबद्दल तक्रार नाही. पत्र निदान पेटीत तरी पडेल. पत्ता चटणीच्या पार्सलच्या पावतीवरून घेतलाय. फाडायचं असेल तर फाड, पण एकदा वाचून फाड.

आई बरी आहे. उजवा गुडघा धरतो, पण शेतात तण काढायला, भांगलायला जायचं सोडत नाही. अण्णा बरे आहेत, असं मी लिहिणार होतो. ते बरे नाहीत. आजारी नाहीत, पण बरे नाहीत.

दर रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा आई तुला सांगते, 'अण्णा मीटिंगला गेल्यात.' मीटिंग नसते. फोन वाजला की अण्णा चप्पल घालतात आणि विहाराच्या कट्ट्यावर जाऊन एकटे बसतात. फोन झाला असेल असा अंदाज घेऊन परत येतात. आल्यावर आईला विचारत नाहीत, पण आई आपणच सांगते, 'परीक्षा झाली म्हणं,' 'सर्दी हाय म्हणं.' ते पेपर वाचतात. पान उलटत नाहीत. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढलेला माणूस, आता आपल्याच घरात आवाज होऊ नये म्हणून बाहेर जातो.

हे माझ्यामुळे झालं.

गेल्या डिसेंबरात, तुझ्या नाताळच्या सुट्टीत, मी तिकडे आलो. त्यातले पहिले पाच दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. बर्लिनच्या विमानतळावर तू पळत आलीस आणि माझी माकडटोपी बघून हसत हसत खाली बसलीस. "दादा, ही काढ, न्हाईतर पोलीस धरतील." मी म्हटलं, "धरू देत, चौकीत ऊब तरी असंल." मागडेबुर्गला तुझ्या खोलीबाहेर चार अंश होते. आठ वर्षं चिलिंग सेंटरवर काढलेला माणूस मी, मला पहिलं तेच सुचलं. "दीक्षे, चार डिग्रीवर आम्ही दूध ठेवतो. हितं सगळं गावच कुणीतरी टाकीत भरून ठेवलंय की." तू हे शेजारच्या जर्मन मुलीला तिच्या भाषेत सांगितलंस. ती आधी हसली नाही, मग जिन्यात जाऊन मोठ्यानं हसली.

तू मला तुझी लॅब दाखवलीस. सुट्टीमुळे सगळी इमारत रिकामी. तू गळ्यातलं कार्ड लावलंस आणि दार आपोआप उघडलं. गढूळ पाणी एका बाजूनं आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं पिण्याजोगं बाहेर येतं, ते तुझं यंत्र. तू पांढरा कोट घालून उभी राहिलीस, मी फोटो काढला. मला वाटलं, इथं अण्णा पाहिजे होते.

पाचव्या दिवसापाशी येऊन माझा हात थांबतो. चूक तुझी होती, असं मी दहा महिने स्वतःला सांगत आलोय. खरं सांगायचं तर हे पत्रही त्याच घमेंडीत लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता ती घमेंड पुरेना.

तुझा भाऊ,
संघर्ष


कोडोली
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

पोस्टातल्या बाईंनी जर्मनीचं पाकीट दोनदा उलटंपालटं केलं. "नुसतं पत्रच हाय?" म्हणाल्या. "फोन न्हाय व्हय पावण्यांकडं?" मी म्हटलं, हाय, पण हे फोनवर बोलायचं न्हाय. त्यांनी शिक्का जपून मारला.

आज पाचव्या दिवसाचं लिहितो.

पंचवीस डिसेंबर. इकडे अण्णा दरवर्षीप्रमाणे विहारात पोरांना बसवून महाडला मनुस्मृती जाळल्याची हकीकत सांगत असणार, हे मला लायप्झिगच्या गाडीत आठवलं आणि मी तुला बोललोसुद्धा. तू खिडकीबाहेर बघत होतीस. जरा वेळानं म्हणालीस, "दादा, धैर्यशीलकडं घरचं-बिरचं जास्त सांगत बसू नकोस हं." मला वाटलं, माझ्या बोलण्याची लाज वाटत असेल. मी म्हटलं, "बरं, तोंड शिवून घेतो."

धैर्यशील आपल्याच जिल्ह्यातला, मलकापूरचा. त्याची बायको संयोगिता कोल्हापूरची. माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणेन. सणाला गावी जाऊ न शकणाऱ्या मराठी पोरापोरींना ते आवर्जून जेवायला बोलवायचे. जिन्यातच तांबड्या रश्श्याचा वास आला आणि पाच दिवस पाव खाऊन कंटाळलेल्या मला भरून आलं. दार उघडलं. मी हात जोडले, तोंडात 'जय' आला होता, तेवढ्यात तू म्हणालीस, "हा माझा दादा. संजूदादा."

मला आजवर कुणी संजू म्हटलेलं नाही. शाळेच्या दाखल्यापासून पगाराच्या कागदापर्यंत माझं नाव संघर्ष अण्णासो कांबळे असंच आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू वाकून बुटाची नाडी सोडत होतीस.

"या, या, कोडोलीकर!" धैर्यशीलनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "कोडोलीतलं नेमकं कुठलं तुम्ही? आमची आत्या दिलीया तिथं."

तुझ्या खोलीच्या टपालपेटीवर तर मी 'कांबळे' वाचलं होतं. मग एका क्षणात सगळं उलगडलं. जर्मन कागदावर तू कांबळे होतीस आणि मराठी माणसांत कोडोलीकर. मी काय बोलतो याची वाट बघत तू तशीच वाकून राहिलीस. तुझी मान मला दिसत होती.

"गावातलंच," मी म्हटलं.

आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं. 'गावातलंच' म्हणून ती मी एका शब्दात पुसून टाकली.

जेवताना तू 'मी वाढते, मी येते' असं बोलत होतीस. घरी आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी वाढतो, मी येतो' म्हणणारी पोरगी. कुणाच्या तरी शिष्यवृत्तीचा विषय निघाला. धैर्यशील माझ्या वाटीत रस्सा ओतता ओतता सहज म्हणाला, "आता काय, सरकारच्या जिवावर कोणबी येतंय जर्मनीला. नुसतं आडनाव दाखवायचं, काम झालं." सगळे हसले. तूही हसलीस. त्याच शिष्यवृत्तीच्या यादीत तुझं नाव बघून अण्णा उंबऱ्यावर बसून रडले होते, ती तू हसलीस.

"लाजू नका पावणं," म्हणत त्यानं माझी वाटी तीनदा भरली. मी तीनदा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आपण बसनं प्रागला गेलो. ती सहल तू सहा महिने आधीपासून ठरवत होतीस. कुठं थांबायचं, काय खायचं, पूल कुठल्या वेळी बघायचा, सगळं तुझ्या वहीत होतं. चार दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही. माझे हात काळेनिळे पडले म्हणून तू हातमोजे आणलेस, मी ते पिशवीत टाकले आणि हात खिशात घातले. पुलावर गर्दीत तू माझी बाही धरलीस.

"दादा, काहीतरी बोल की."

"बघतोय."

"काय बघतोयस?"

"पूल."

तू बाही सोडलीस. त्या दिवसाचे तू काढलेले माझे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. एकातही मी तुझ्याकडे बघत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात तू डाळभात केलास. ताट पुढं सरकवून म्हणालीस, "दादा, मी मुद्दाम केलं न्हाय. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलं, आडनाव काय. एकदा तोंडातनं गेलं ते गेलं. मग मागं घेता येईना. नि ते आडनाव तरी मला कुठनं—"

तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठलो. "गप बस. अण्णांची तरी लाज वाटाय पाहिजे हुती." ताट तसंच राहिलं. तू ते झाकून ठेवलंस.

आणि बर्लिनच्या विमानतळावर मी जे बोललो ते तू विसरली नसशील. "अण्णांनी तुला नाव दिलं, आडनाव दिलं. आडनाव चालत नसंल तर नावबी परत दे." तू रडली नाहीस. "पोचलास की फोन कर," एवढंच म्हणालीस.

मी पोचलो. तुला फोन केला नाही. अण्णांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते तुझा पांढऱ्या कोटातला फोटो मोठा करून आणायला वारणानगरला निघाले होते. पायात चप्पल होती. त्यांनी ती काढून ठेवली आणि आत जाऊन झोपले. सकाळचे अकरा वाजले होते.

संघर्ष


कोडोली
रविवार, ७ डिसेंबर २०२५

दीक्षा,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तू हसलीस, असं लिहिलं. मीही हसलो, हे लिहिलं नाही. धैर्यशीलचं ते वाक्य झाल्यावर तू आधी माझ्याकडे पाहिलंस. मी हसलो. मग तू हसलीस. क्रम असा होता.

आणि तुझं जे वाक्य मी तोडलं, ते पुढं काय होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. म्हणूनच तोडलं.

काल सहा डिसेंबर. विहारात मेणबत्त्या लावताना मी अण्णांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या हातातली ज्योत वातीला लागेना. मी हात धरायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुझ्यावर भार टाकत न्हाय. तू तरी ताठ हाईस." मला तिथं उभं राहवेना. चिलिंगवर काम आहे, असं सांगून निघालो. काम नव्हतं.

ते आडनाव तुला मी दिलं.

जून २०१६. तुला कोल्हापुरात अकरावी सायन्सला प्रवेश मिळालेला. अण्णांना सुट्टी मिळेना, म्हणून खोली बघायला मी तुझ्याबरोबर आलो. मी वीस वर्षांचा, तू सोळा. पहिल्या घरी सगळं ठरलं, बाईंनी किल्ली काढली, मग आडनाव विचारलं, आणि त्यांना आठवलं की पुतण्या राहायला येणार आहे. दुसऱ्या घरी खोली भाड्यानं देण्याची पाटी दारावर तशीच, आणि म्हातारा म्हणाला, कालच गेली. पाटी काढायची राहिली म्हणाला. आपण गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यानं ती काढली नाही. तू मागं वळून वळून बघत होतीस.

"दादा, खोली नको. मी एसटीनं ये-जा करतो," तू म्हणालीस.

"रोज तीन तास एसटीत घालवून डॉक्टर हुणार हाईस व्हय?"

"डॉक्टर कशाला? मी इंजिनियर होणाराय."

राजारामपुरीत शालूबाईंचं घर. वरची खोली, वेगळा जिना, कडेला नळ. त्यांनी तुझ्याकडे बघून गोड विचारलं, "आडनाव काय म्हणायचं?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "कोडोलीकर."

त्यांनी किल्ली तुझ्या हातात ठेवली.

जिना उतरताना तू थांबलीस. "दादा, हे काय?"

"शिकायचंय न्हवं? मग दोन वर्षं हेच."

"अण्णांना कळलं तर?"

"अण्णांना सांगायचं न्हाय. कधीच न्हाय. घे शपथ." आणि मी तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला.

नंतर मी ते विसरलो. विसरलो म्हणजे, आठवायचं सोडून दिलं. मी गावात राहिलो, माझं नाव गावाला माहीत, मला कुठं लपवावं लागलंच नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं नाचायला मी मोकळा. तू मात्र दोन वर्षं रोज ते आडनाव घालून जिना चढलीस-उतरलीस. परदेशात पहिल्या दिवशी चार मराठी माणसांनी घेरल्यावर तुझ्या तोंडातनं तेच आलं, तर त्यात नवल काय?

अकरा महिने अण्णा तुझ्याशी बोलत नाहीत. एका वाक्यात तू सुटली असतीस. 'हे मला दादानं शिकवलं.' ते तू अण्णांना सांगितलं नाहीस, आईलाही नाही. दर रविवारी फोन झाला की मी आईच्या तोंडाकडे बघायचो, आज सांगितलं का. सांगितलं असतंस तर मी 'खोटं बोलती' म्हणणार होतो. तयारी करून ठेवली होती. हेही लिहून टाकतो, म्हणजे काही उरायला नको.

तू शपथ पाळलीस. मी फक्त घातली.

संघर्ष


कोडोली
शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५

दीक्षा,

दोन ठिकाणी जाऊन आलो, ते सांगतो.

गेल्या रविवारी कोल्हापूरला शालूबाईंकडे गेलो. का गेलो, हे नीट सांगता येणार नाही. अण्णांना सांगायचं धाडस होईना, म्हणून आधी परक्या माणसाला सांगून बघावं, असंही असेल. खूप थकल्यात. दारात खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या. मला लगेच ओळखलं.

"कोडोलीकर न्हवं? दीक्षाचा भाऊ? ये की रं. पोरगी परदेशात गेली म्हणं?"

सुनेला चहा टाकायला सांगितला. तुझ्याबद्दल विचारत राहिल्या. लग्न ठरलं का, तिकडं भात मिळतो का. चहा आला. मी कप हातात घेतला, मग खाली ठेवला.

"मावशी, आम्ही कोडोलीकर न्हाय. कांबळे. जयभीमवाले. तवा मी खोटं सांगितलंतं. पोरीचा काय दोष न्हवता."

त्या फाटकाकडे बघू लागल्या.

"दोन वर्षं माझ्या घरात ऱ्हायली की रं. माझ्या देव्हाऱ्याला फुलं आणून द्यायची."

"व्हय."

"मग खरं का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असतीसा?"

मला वाटलं, आता 'का नसती दिली' म्हणतील. लोक म्हणतात. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "न्हाय. नसती दिली."

मग पदर खाली सोडून, "आता दिली असती का, ते मला इचारू नगो. मला म्हाईत न्हाय."

त्यांनी मला जा म्हटलं नाही, आणखी बसही म्हटलं नाही. मी चहा संपवला. थंड झाला होता. उठून फाटकापाशी आलो तेव्हा मागून म्हणाल्या, "माझा पाय मोडलाता तवा पंधरा दिस तिनं माझं पाणी भरलं हुतं." कुणाला सांगत होत्या, मला की स्वतःला, मला कळलं नाही. मी नमस्कार केला. जयभीम म्हणायला पाहिजे होतं, ते बसस्टॉपवर आल्यावर सुचलं.

काल पंचवीस डिसेंबर. अण्णांनी महाड सांगितलं. यंदा आवाज लागला नाही, मध्येच दोनदा थांबले. पोरं गेल्यावर आम्ही दोघं सतरंजी घडी करत होतो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"अण्णा, ते आडनाव दीक्षाचं न्हाय. मी सांगितलंतं. राजारामपुरीत, खोलीसाठी."

त्यांनी टोक सोडलं नाही. मी सगळं सांगितलं, किल्ली परत आत गेली ते, पाटी, तुझी शपथ. ते ऐकत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन दारं फिरलासा," ते म्हणाले, "आणि मला एकदाबी सांगितलं न्हाईसा?"

"तुम्ही तिथं जाऊन भांडला असता."

"भांडलो असतो." मग सतरंजी हातात तशीच धरून खाली बसले. "भांडलो असतो, नि पोरीला खोली मिळाली नसती. तुझं त्यातलं खरं हाय." मग वर माझ्याकडे बघितलं. "माझ्या पोरीनं वरीसभर माझा अबोला सोसला. आणि तू माझ्या शेजारी मेणबत्ती धरून हुबा हुतास."

मी सतरंजीचं माझं टोक खाली ठेवलं.

"तू आडनाव लपवलंस, ते मी पोटात घालीन. जगानं लपवाय लावलं. पण तिच्यावर ढकललंस, ते जगानं न्हाय लावलं."

घरी येऊन ते जेवले नाहीत. आईनं मला विचारलं, मी आईलाही सगळं सांगितलं. तिनं माझ्यापुढचं ताट उचललं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

तू तिथं काय आडनाव लावायचं, कुणाला काय सांगायचं, ते तुझं तू बघ. धैर्यशीलला सांग, नको सांगूस. त्यात मी परत तोंड घालणार नाही. माझं तोंड त्या कामाचं नाही, हे मी दोनदा दाखवलंय.

संघर्ष


कोडोली
रविवार, २८ डिसेंबर २०२५

दीक्षा,

आज दुपारी तुझा फोन आला तेव्हा घरात काय काय झालं ते तुला नीट कळलं नसेल. म्हणून लगेच लिहायला बसलो.

अण्णा सकाळपासून घरात होते. दाढी केली. आईचा फोन चार्जिंगला लावून त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. मध्ये दोनदा तो उचलून वाजतो का बघितलं. चप्पल पायात नव्हती. आई म्हणाली, "विहारात जायचं न्हाय व्हय आज?" त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

फोन वाजला. आईनं हात पुसेपर्यंत त्यांनी उचलला. तू 'आई' म्हणालीस. नंतर तुला जी शांतता ऐकू आली, त्यात अण्णा बोलायचा प्रयत्न करत होते. तोंड हलत होतं. शेवटी "दीक्षा, अण्णा बोलतोय," एवढं निघालं, आणि मग त्यांना काय सुचावं, तर "स्वेटर घालतीस न्हवं?" तू रडायला लागलीस ते दारापर्यंत ऐकू आलं. आईनं फोन घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो झटकला. "बोलू दे मला. माझं वरसाचं ऱ्हायलंय." आणि तुला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. मी इचारलंच न्हाय तुला. एकाचं ऐकलं नि बसलो."

त्यानंतर तू त्यांना किती वेळ काय सांगत होतीस ते मला ऐकू आलं नाही. ते नुसतं 'व्हय', 'व्हय बाळ' म्हणत होते. एकदा हसले. मी अण्णांना जानेवारीनंतर हसताना ऐकलं नव्हतं.

मग आई बोलली. आणि मग तू तिला पत्रं मिळाली म्हणालीस, तिन्ही मिळाली म्हणालीस, आणि विचारलंस, "दादा हाय का घरात?"

मी होतो. दाराच्या आत, कणगीला टेकून उभा होतो. आईनं फोन माझ्याकडे धरला. दोन महिने पानंच्या पानं लिहिणारा मी. फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. तू वाट बघत होतीस, तू 'दादा' म्हणालीससुद्धा.

मी आईला म्हटलं, "हात ओलं हायत म्हणावं. नंतर बोलतो."

आईनं ते तुला सांगितलं. तू "बरं" म्हणालीस. फोन बंद झाल्यावर अण्णांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि बाहेर गेले.

सगळं लिहून झालं, आता काही उरलं नाही, असं मला वाटलं होतं. आज आणखी एक वाढलं.

माझे हात ओले नव्हते, दीक्षा. कोरडे होते. नुसतेच माझ्याजवळ राहिले, फोनकडे गेले नाहीत.

तुझा दादा,
संघर्ष